निर्लेखनाच्या आधी एक रकाना

2025 च्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेच्या कार्यालयात डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाच्या नोंदीची वही, उघडलं गेलं. शाळा चोपडा तालुक्यातली, तापीच्या उत्तरेला. वर्गाच्या एका खिडकीतून केळीच्या बागा दिसतात, दुसरीतून सातपुड्याची निळी रेघ. संगणकाच्या खोलीत चौदा यंत्रं आहेत. 2014 साली ती आली तेव्हा गावाने नारळ फोडला होता. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठी नेहमीची सुरक्षा-अद्यतनं देणं थांबवलं. वाढीव मुदत घ्यायची सोय आहे, पण मुदत संपली की प्रश्न पुन्हा दारात उभा. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते. आमचं एकही यंत्र त्यात बसत नाही. त्यामुळे प्रस्ताव सरळ होता: ‘कालबाह्य, निकामी’ असा शेरा मारायचा, निर्लेखन करायचं, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचं, आणि भंगारवाल्याला बोलवायचं.

त्या शेऱ्यावर मी सही केली नाही. चौदापैकी बारा यंत्रं बटण दाबलं की सुरू होतात. कीबोर्ड चालतात, पडदे स्वच्छ दिसतात. चालू असलेल्या मोटरीला कोणी शेतकरी जळाली म्हणत नाही. एका कंपनीने आपल्या एका आवृत्तीची जबाबदारी सोडली, म्हणून आमच्या शाळेची यंत्रं निकामी कशी ठरतात? आणि हा प्रश्न आमच्या एकट्या शाळेचा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती, पतपेढ्या यांच्या खोल्यांत अशी यंत्रं धूळ खात उभी आहेत. ती सार्वजनिक पैशाची आहेत. त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, टाकावी, आणि खान्देशातल्या मुलांची लिनक्सशी पहिली ओळख या सार्वजनिक खोल्यांतच, चार जणांच्या सोबतीने व्हावी, असं माझं ठाम मत आहे. त्यातला ‘सोबतीने’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

लिनक्स म्हणजे काय, हे वर्गात सांगताना मी मुलांना खिशातल्या फोनपासून सुरुवात करून देतो. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने 25 ऑगस्ट 1991 रोजी इतरांना कळवलं की तो छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहितो आहे. पुढच्याच वर्षी त्याने ती अशा परवान्याखाली दिली की कोणीही ती वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि बदललेली पुढे वाटावी. हा परवाना घडवला होता रिचर्ड स्टॉलमन यांनी, 1983 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पासाठी. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच लिनक्स आहे. जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सखेरीज दुसरं काहीच उरलेलं नाही. म्हणजे केळीचे भाव फोनवर पाहणारा आमचा पालक लिनक्स रोज वापरतोच. टेबलावरच्या संगणकावर ते आलं की मात्र तोच माणूस म्हणतो, हे आपल्यासाठी नाही.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. ‘लिनक्स अवघड आहे’ हे उत्तर मला पटत नाही. अवघड काय असतं ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे.

ठिबकाचंच घ्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जळगाव जिल्ह्याच्या केळीच्या पट्ट्यात ठिबक सिंचन येऊ लागलं, तेव्हा जुनी माणसं हसली होती. दांडाने मोकळं पाणी सोडायची सवय. थेंबाथेंबाने केळ कशी जगेल, असं त्यांना वाटायचं. आज त्याच घरांतला सातवी शिकलेला माणूस सँड फिल्टर बॅकवॉश करतो, व्हेंच्युरीतून खत सोडतो, ड्रिपर क्षाराने बुजले की ॲसिड किती सोडायचं याचा हिशेब करतो, लॅटरलची टोकं उघडून फ्लश मारतो. यातलं काहीही सोपं नाही. दाब, प्रवाह, क्षार, वेळ या सगळ्यांचं भान त्यात लागतं. हे ज्ञान पुस्तकातून पसरलं नाही. शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून पसरलं. अडलं की हाक मारायला माणूस होता, सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळत होता, आणि कंपनीचा प्रतिनिधी बांधापर्यंत येत होता.

लिनक्सला आमच्याकडे बांध मिळाला नाही. आमच्याकडे लिनक्स ज्यांनी पाहिलं त्यांनी रात्री एकट्याने, इंग्रजी व्हिडिओ थांबवत-थांबवत पाहिलं. पहिलीच अडचण आली तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी यंत्र दुकानात गेलं आणि दुकानदार म्हणाला, ‘हे काढून टाका भाऊ, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो.’ तिथे गोष्ट संपली. गावात असे कित्येक लॅपटॉप मी पाहिले आहेत, जे विकत घेतानाच उबुंटू या लिनक्सच्या एका वाणासकट आले होते, कारण त्यामुळे किंमत कमी पडत होती. घरी नेण्याआधीच, पाच मिनिटंही न पाहता, त्यावरचं उबुंटू पुसलं गेलं.

आणि त्याजागी जे टाकलं गेलं ते बहुतेक वेळा चोरीचं होतं. हे कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी बोलतो. दोन-तीनशे रुपयांत दुकानात जे विंडोज ‘टाकून’ मिळतं, त्याचा परवाना नसतो. ते सक्रिय करायला जे छोटं सॉफ्टवेअर चालवतात, त्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घराचं कुलूप काढून मगच आत येणाऱ्या पाहुण्यावर आपण विश्वास ठेवू का? परीक्षेत कॉपी करू नका, असं मी मुलांना वर्षभर सांगतो. मग ज्या यंत्रावर त्यांना विज्ञान शिकवायचं, त्याचा पायाच उचललेला असेल, तर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली? गरिबीमुळे हे होतं हे मला कळतं, आणि त्यासाठी मी कुठल्याही पालकाला दोष देणार नाही. पण पैसा न लागणारी आणि सचोटीची वाट समोर असताना शाळेने तरी ती धरायलाच हवी.

आता आमच्या खोलीत काय घडलं ते सांगतो. सुरुवात करणाऱ्याला नेमकं कुठे अडतं, हे त्याशिवाय कळणार नाही.

मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली. मिंट 2006 पासून आहे आणि उबुंटूच्या पायावर उभं आहे. त्याच्या 22 क्रमांकाच्या मालिकेला 2029 पर्यंत अद्यतनं मिळणार आहेत. 2 जीबी रॅमवर ते सुरू होतं, 4 जीबीवर नीट चालतं. पडद्यावर खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी. विंडोज पाहिलेल्या डोळ्यांना परकं वाटत नाही. लिनक्सच्या शेकडो वाणांपैकी ‘सर्वांत चांगलं कोणतं’ या वादात नवख्याने पडूच नये. कपाशीचं बियाणं घेतानाही आपण आधी विचारतो, गावात कोणी लावलं होतं? ज्याच्याबद्दल शेजाऱ्याला विचारता येईल, ते वाण घ्यावं.

जवळपास 3 जीबीची फाइल फोनच्या हॉटस्पॉटवर रात्री उतरवली. 8 जीबीचा पेन ड्राइव्ह बूटेबल केला, म्हणजे त्यावरूनच यंत्र सुरू होईल असा केला. यंत्र सुरू होताना एफ 12 दाबून पेन ड्राइव्ह निवडला, आणि हार्ड डिस्कला हात न लावता अख्खी प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच पडद्यावर आली. याला लाइव्ह सेशन म्हणतात. सुरुवात करणाऱ्याला मिळालेली ही सर्वांत मोठी सवलत आहे, आणि बहुतेकांना ती ठाऊकच नसते. चालवून पाहा, इंटरनेट लागतं का बघा, आवाज येतो का बघा, मराठी दिसतं का बघा. नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढा, यंत्र जसं होतं तसं. आमच्या यंत्रांपर्यंत इंटरनेटची तार पोचलेली नाही. पण अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की नेट लगेच मिळालं. ही युक्ती मी आता प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, कारण घरी वायफाय ओळखलं गेलं नाही की नवखा माणूस तिथेच हात टेकतो.

हार्ड डिस्कवर कायमचं टाकण्याआधी मात्र जुन्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढलीच पाहिजे. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय खरोखरच संपूर्ण डिस्क पुसतो. आमच्या एका सहकाऱ्यांची दहा वर्षांची निकालपत्रकं डी ड्राइव्हमध्ये होती. ती आधी काढून घेतली नसती, तर लिनक्सचं नाव गावातून कायमचं गेलं असतं, आणि त्यात लिनक्सचा काहीच दोष नसता.

पहिल्या आठवड्यात मुलांनी काय विचारलं, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. सगळ्यात पहिला प्रश्न एका मुलीचा, तिच्या घरच्या अहिराणीत: ‘सर, सी ड्राइव्ह कथा गया?’ म्हणजे कुठे गेला? लिनक्समध्ये सी, डी, ई असे कप्पे नसतात. सगळं एकाच मुळापासून फांद्यांसारखं फुटतं, आणि पेन ड्राइव्हसुद्धा त्याच झाडाच्या एका फांदीवर येऊन बसतो. हे फळ्यावर झाड काढून दाखवलं तेव्हा दहा मिनिटांत समजलं. मोठ्या माणसांना समजायला जास्त वेळ लागला, कारण त्यांना आधी जुनं विसरायचं होतं. दुसरा प्रश्न: घरून पेन ड्राइव्हमध्ये आणलेली गेमची सेटअप फाइल उघडत का नाही? ती विंडोजसाठी बांधलेली असते. इथे सॉफ्टवेअर घ्यायचं ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, फोनवर प्ले स्टोअरमधून घेतो तसं. हे उदाहरण दिल्यावर पुढे काही सांगावं लागलं नाही. तिसरी अडचण इंग्रजी मोठ्या आणि छोट्या अक्षरांची. फाइलच्या नावातलं एक अक्षर मोठं असेल तर लिनक्स ती वेगळी फाइल समजतं, आणि मुलं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नाव टाइप करून ‘फाइल हरवली’ म्हणत बसतात.

मग एका मुलाने घरून व्हायरस लागलेला पेन ड्राइव्ह आणला. विंडोजवर त्यात सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत होते. घरच्यांना वाटत होतं की लग्नाचे फोटो गेले. लिनक्समध्ये लावला, तर लपवून ठेवलेली फोल्डरं समोर उघडी दिसली. फोटो काढून घेतले, शॉर्टकट पुसले, पेन ड्राइव्ह रिकामा करून दिला. त्या दिवसानंतर मुलांनी मला लिनक्स कशाला, हा प्रश्न विचारला नाही.

टर्मिनलची भीती मोठ्यांनी तयार केलेली आहे. मिंटवर रोजचं काम करायला टर्मिनल उघडावंच लागत नाही. पण मी ते मुद्दाम उघडून दाखवलं. चोपड्याहून, शिरपूरहून, शहाद्याहून दरवर्षी मुलं अभियांत्रिकीला जातात, पुण्याला नोकरीला लागतात, आणि तिथले सर्व्हर बहुतांशी लिनक्सवरच असतात. काळ्या पडद्यावर लुकलुकणारी ती एक रेघ विसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाच्या पोटात गोळा येतो. बाराव्या वर्षी पाहिलेली असेल, तर ती त्याला पाटीसारखी वाटते. तापी ओलांडली की अमळनेर. तिथे 29 डिसेंबर 1945 रोजी वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली, आणि तीच पुढे विप्रो झाली. ज्या मातीतून देशातली एक मोठी संगणक-कंपनी उभी राहिली, त्या मातीतल्या मुलांनी संगणकाचं फक्त गिऱ्हाईक म्हणून का राहावं? झाकण उघडून आत बघायचा हक्क त्यांना आहे, आणि लिनक्समध्ये तो परवान्यातच लिहून दिलेला आहे.

भाषेचा मुद्दा मला याहून जवळचा वाटतो. आमच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका, दाखले, इतिवृत्तं हे सगळं विकतच्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं आहे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. लिनक्सवर सुरुवात केली की युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं तीच राहतील अशी पद्धत, आपोआप पदरात पडतं. फाँट सोबत येतात, इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक काहीही विकत न घेता चालू होतो. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, त आणि थ एकाच कळीवर. बाराखडी पाठ असलेल्या मुलाला त्याची रचना सांगावी लागत नाही, ती दिसते. शिवाय हीच मांडणी गुजरातीसह इतर भारतीय लिप्यांनाही आहे. नवापूरचं रेल्वेस्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या मुलाने मराठीत टाइप करायला शिकलं की गुजराती ‘क’ ची कळही त्याच्या बोटाला आधीच ठाऊक असते. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी टाइप करणाऱ्याला हा फायदा कधीच मिळणार नाही.

मेनू मराठीत करता येतात, पण भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही आणि काही शब्द फार जड आहेत. याची तक्रार करत बसण्यापेक्षा ते दुरुस्त करता येतं, हे लक्षात घ्यावं. लिनक्सवरच्या बहुतेक सॉफ्टवेअरांची भाषांतरं स्वयंसेवकच करतात. मराठीचीही तशीच झाली. दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या मेनूत एक शब्द बदलायला आमच्या मराठीच्या शिक्षिकेला कोण विचारणार आहे? आणि गोष्ट मराठीवर थांबत नाही. 2011 च्या जनगणनेत 18 लाखांहून जास्त लोकांनी आपली मातृभाषा खान्देशी गटातली सांगितली. अहिराणी त्यातलीच, आणि तिला स्वतःचा आंतरराष्ट्रीय भाषा-संकेत आहे, ‘एएचआर’ अशी तीन अक्षरं. सातपुड्यातून येणारी माझी मुलं घरी पावरी बोलतात. बाजारपेठेचा हिशेब करून अहिराणीत किंवा पावरीत संगणक कोणी कधीच काढणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, नफ्याचा हिशेब लागत नाही. चार चिकाटीची माणसं लागतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिरवणारं विद्यापीठ आमच्या जिल्ह्यात आहे. तिथले संगणकाचे आणि भाषेचे विद्यार्थी एकत्र बसले, तर एक साधं सॉफ्टवेअर अहिराणीत आणणं हा एका सत्राचा प्रकल्प आहे.

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आमच्या कार्यालयातल्या लिपिकांचं यंत्र मी बदललेलं नाही, आणि इतरांनीही बदलू नये. शाळेची बरीच पोर्टलं ब्राउझरमध्ये उघडतात, त्यांना प्रणाली कोणती याने फरक पडत नाही. पण डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, आधारसाठी बोट टेकवायचं यंत्र आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर यांच्यासाठी आजही विंडोजच सोयीचं पडतं. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला लिनक्स घे असं मी सांगणार नाही. दिवसभर त्याच्या दारात रांग असते. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी त्या परीक्षेच्या प्रणालीवरच सराव करायला हवा. आमचा एक जुना लेझर प्रिंटर तीन रविवार घालवूनही लिनक्सवर चालला नाही, शेवटी तो कार्यालयाला देऊन टाकला. 4 जीबी रॅमवर ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडल्या की यंत्र अडखळतं, आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर सुरू व्हायला वेळ लागतो. दोन यंत्रांत हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवली, तेव्हा फरक डोळ्याला दिसला. बाकीच्यांसाठी पैसे नाहीत.

‘नोकरीला एमएस-सीआयटी लागतं, मग लिनक्स शिकवून मुलांचं नुकसान का करता?’ हा पालकांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. 2001 मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या माणसांची संगणकाची भीती घालवली. माझ्या घरातली दोन माणसं त्यातूनच शिकली, त्याचं ऋण मी मानतो. पण ज्या मुलीने लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये गुणपत्रक तयार केलं, बेरजेचं सूत्र लिहिलं, सरासरी काढली, तिला दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यात तेच करायला किती वेळ लागेल? आमच्या दहावीच्या मुलींनी ते एका दुपारी करून दाखवलं. ट्रॅक्टर चालवायला शिकलेल्याला कंपनी बदलली म्हणून पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही, गिअरची जागा तेवढी पाहावी लागते.

हे मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं का? केरळने करून दाखवलं आहे. 2001 मध्ये तिथे ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळांचं संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर गेलं. 2017 मध्ये त्या प्रकल्पाची ‘काइट’ ही कंपनी झाली. ती शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली बनवते. मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे की, त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जोर दिला, आणि 2018 पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने शाळाशाळांत विद्यार्थ्यांचे गट उभे केले. नव्या मुलाला विचारायला माणूस वर्गातच मिळतो. केरळने शाळेतच बांध तयार केला. आपल्या देशाचं धोरणही विरोधात नाही: केंद्र सरकारने 2015 मध्ये सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं आहे, आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने 2007 पासून ‘बॉस’ ही भारतीय भाषांना धरून चालणारी लिनक्स प्रणाली दिलेली आहे. पण धोरणाचा कागद संगणकाच्या खोलीपर्यंत चालत येत नाही. त्याला कोणीतरी हाताला धरून आणावं लागतं.

म्हणून माझी पहिली मागणी शाळेकडे नाही, तालुक्याकडे आहे. प्रत्येक तालुक्यात एक तरी जागा अशी हवी, जिथे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी लिनक्स येणारा माणूस बसलेला असेल: वाचनालय, गटसाधन केंद्र, महाविद्यालयाची प्रयोगशाळा, काहीही चालेल. बाजाराचा दिवस असला तर उत्तम, कारण त्या दिवशी खेड्यातला माणूस नाहीतरी तालुक्याला येतोच. बिघडलेलं यंत्र काखेत मारून आणायचं, दुरुस्त करून घ्यायचं, आणि ते कसं केलं ते बघून जायचं.

दुसरी गोष्ट थोडी वेगळी, आणि तिच्याबद्दल लिनक्सवाले सहसा बोलत नाहीत. तालुक्याच्या कॉम्प्युटर दुकानदाराला शत्रू समजू नका. त्याचं पोट फॉरमॅट मारण्यावर चालतं. लिनक्सचं यंत्र वारंवार फॉरमॅट मारायला येणार नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, मग तो ते कशाला टाकून देईल? शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकून द्यायचं आणि वर्षभर देखभालीचं काम रीतसर मोबदला देऊन याच दुकानदारांना द्यावं. नवं यंत्र घ्यायच्या खर्चाच्या मानाने तो पैसा फार थोडा आहे, आणि तो तालुक्यातच राहतो. ठिबकाचा सुटा भाग चोपड्याच्या दुकानात मिळायला लागला तेव्हाच ठिबक घरचं झालं. चोपड्याचा दुकानदार ज्या दिवशी म्हणेल, ‘विंडोज टाकू का लिनक्स?’, त्या दिवशी नवख्याची निम्मी अडचण संपलेली असेल.

तिसरी मागणी सगळ्यात लहान, आणि तिला एक पैसाही लागत नाही. कोणत्याही सार्वजनिक संस्थेने संगणकाचं निर्लेखन करण्याआधी रजिस्टरात एक रकाना भरावा: दुसरी कार्यप्रणाली टाकून पाहिली का? टाकली असेल तर कोणती, कोणी, कोणत्या तारखेला, आणि काय झालं. चालली नाही, तर खुशाल निकामी लिहा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. रस्त्यावरच्या भंगारात मात्र नको, कारण तांब्यासाठी तारा जाळल्या की तो धूर गावच्याच नाकात जातो. हा रकाना शिक्षणाधिकारी कार्यालयातून एका परिपत्रकाने येऊ शकतो. तोवर कोणत्याही मुख्याध्यापकाला तो पट्टी आणि पेनने आखता येतो.

आमच्या रजिस्टरात मी तो आखला आहे. बारा यंत्रांपुढे ‘लिनक्स मिंट, चालू’ अशी नोंद आहे. नऊ क्रमांकाच्या यंत्राचा मदरबोर्ड गेलेला आहे, ते खरंच निकामी आहे; त्याची रॅम काढून चार नंबरला लावली. सात क्रमांकाचं बाकी होतं, कारण त्याच्या बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड होता आणि तो ठाऊक असलेले शिक्षक बदलून गेले होते. मागच्या शनिवारी आठवीतल्या दोन मुलींनी माझ्यासमोर त्याची कॅबिनेट उघडली, मदरबोर्डवरचा बटणासारखा छोटा सेल काढला, पासवर्ड पुसला जावा म्हणून दहा मिनिटं थांबून परत बसवला, आणि पेन ड्राइव्ह लावून एफ 12 दाबलं. रकान्यातली ती नोंद त्यांच्या अक्षरात आहे.